चालू, चालु आणि मान्सून

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर. फळ्यावर काढून दाखवलेल्या खुणा इथे तशाच छापल्या आहेत.)



"संगणकावर काहीतरी बोला" असा निरोप कार्यकारिणीकडून आला तेव्हा आम्हाला घामच फुटला. इथे बसलेल्या निम्म्या घरांतली मुले हैदराबादला, पुण्याला, बंगळूरला हेच काम करतात. काही तर समुद्रापलीकडे आहेत आणि सुटी काढून गणपतीला आली आहेत. त्यांच्यासमोर आम्ही काय बोलावे? आमचे शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमापर्यंत, पोट राज्य सरकारच्या नोकरीवर आणि रविवारची हौस सोल्डरिंगवर. म्हणून मोठ्या संगणकाचे नावच काढत नाही. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीत बसवलेल्या, पत्त्याच्या पानापेक्षा लहान अशा एका बोर्डाबद्दल बोलतो. त्याला माणसांचे शब्द ओळखायला शिकवताना आमची जी फजिती झाली ती सांगतो.

आधी "आम्ही" म्हणजे कोण ते सांगायला हवे. एक आम्ही स्वतः. दुसरा आमचा मेहुणा, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो, त्याचा हात आमच्यापेक्षा बारीक कामात सरस. आणि तिसरे आमचे काका, ज्यांचे वावर, ज्यांची विहीर आणि ज्यांच्या शिव्या. वय सत्तरीच्या पुढे. त्यांना वगळून हे काम झालेच नसते.

काकांचे वावर बेला भागात, पैनगंगेच्या अलीकडे. पलीकडे महाराष्ट्र. आपल्यापैकी बहुतेकांची कहाणी तीच आहे. १९५६ साली भाषावार राज्ये झाली, आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात हिंदी. हे आता सांगायचे कारण पुढे येईल, कारण आमच्या बोर्डाला या तिन्ही भाषांशी गाठ पडली.

घरापासून विहीर दोन किलोमीटर. पूर्वी शेतीची लाईन रात्री-बेरात्री यायची हे तुम्हाला सांगायला नको. तेव्हा सगळ्यांच्या पेट्यांत ऑटो स्टार्टर होते. लाईन आली की मोटार आपोआप सुरू. १ जानेवारी २०१८ पासून तेलंगणात शेतीला चोवीस तास मोफत वीज सुरू झाली आणि ऑटो स्टार्टर काढून टाका असे आवाहन सरकारने केले. ते बरोबरच होते. लाईन कायम असेल तर ऑटो स्टार्टरवाली मोटार विहीर कोरडी होईपर्यंत ओढत राहणार. काकांनी तो काढला. पण मग मोटार चालू करायला दोन किलोमीटर जा, बंद करायला दोन किलोमीटर जा. मध्येच लाईन ट्रिप झाली तर तिसरी खेप. रस्त्यात रानडुकरे, पावसाळ्यात साप. काकांचा गुडघा गेलेला.

मोबाइलवरून मोटार चालवायची कल्पना काही आमची नव्हे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी हे आपल्या शेतकऱ्यांसाठी फार आधी केले, आणि त्यांच्या यंत्राचे नावच "नॅनो गणेश". २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. गणेशोत्सवात हे नाव घ्यायला मिळाले याचा आम्हाला आनंद आहे. अशी तयार यंत्रे आज बाजारात मिळतात. आम्ही स्वतः करायला बसलो ते केवळ हौसेपोटी, खोटे कशाला बोला.

सामान साधे. आर्डुइनो नावाचा बोर्ड. त्यातल्या चिपमध्ये प्रोग्रॅम ठेवायला ३२ किलोबाइट जागा आणि काम करताना लागणारी कच्ची जागा फक्त २ किलोबाइट. तुमच्या मोबाइलवर येणाऱ्या "शुभ सकाळ"च्या फुलांच्या एका चित्रालाही याच्या कितीतरी पट जागा लागते. जोडीला सिम कार्ड घालायचा एक छोटा मॉड्यूल. तो जुन्या टू-जी नेटवर्कवर चालतो, त्यामुळे जिओचे सिम त्यात चालत नाही, दुसऱ्या कंपनीचे लागते. स्टार्टरच्या हिरव्या बटणाला समांतर एक रिले, लाल बटणाच्या ओळीत दुसरा. संदेश आला, बोर्डाने वाचला, योग्य तो रिले क्षणभर टकटक केला, झाले.

बोर्डाने संदेश "वाचला" असे आम्ही सहज म्हणून गेलो. आमचे पहिले वाचन कसे होते ते ऐका. प्रोग्रॅममध्ये एकच ओळ: संदेशात कुठेही इंग्रजी "ऑन" हा शब्द, म्हणजे "ओ" आणि "एन" ही दोन अक्षरे लागोपाठ सापडली तर मोटार चालू. "ऑफ" सापडले तर बंद. काकांच्या मोबाइलमध्ये हे दोन संदेश लिहूनच ठेवले होते. दीड महिना छान चालले. आम्ही कचेरीत चार जणांना फोटो दाखवले.

जून संपत आला होता. पेरण्या झालेल्या, पावसाने दडी मारलेली, पऱ्हाटीची रोपे वाचवायला सगळ्यांच्या विहिरी उपसल्या जात होत्या. काकांच्या पंपाच्या ग्लँडमधून पाणी गळत होते म्हणून ते सकाळी दोरी बदलायला बसले. मोटार बंद होती. मेन स्विच पाडायला हवा होता, तो पाडला नव्हता. पाना ग्लँडच्या नटावर आणि मोटार सुरू झाली. पाना उडाला आणि मनगटावर बसला. दोन टाके पडले. हात पंख्याच्या बाजूला असता तर आम्ही आज इथे हे भाषण करायला उभे राहिलो नसतो.

आम्हाला वाटले काकूने चुकून संदेश पाठवला असेल. काकूला वाटले सालगड्याने. मेहुण्याने सिम काढून स्वतःच्या मोबाइलमध्ये घातले आणि वाचले. सकाळी सात वाजून काही मिनिटांनी एका दुकानाची जाहिरात आली होती. "मान्सून सेल". आता मान्सून हा शब्द इंग्रजीत लिहून पहा. एम, ओ, एन, एस, ओ, ओ, एन. त्यात "ऑन" एकदा नाही, दोनदा आहे.

त्या दिवसापासून काका पावसाची बातमी लागली की आमच्याकडे बघतात.

आता खरा विषय. संदेशात अमुक अक्षरे "कुठेतरी" आहेत का, एवढे विचारून भागत नाही. संदेशाची सुरुवात कशी, शेवट कसा, मधे काय चालेल, काय चालणार नाही, हे बारकाईने सांगता आले पाहिजे. त्यासाठी संगणकवाल्यांकडे एक जुनी सोय आहे, तिला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. मुले नुसते रेजेक्स म्हणतात. आम्ही काकूला समजावताना "साचा" म्हणालो आणि तो शब्द आमच्या घरात रुळला. मोदकाच्या साच्यात पीठ कसेही घातले तरी चालते, पण बाहेर मोदकच आला पाहिजे. करंजी त्यात बसणार नाही. तसा शब्दांचा साचा. संदेश त्यात बसतो की नाही, एवढेच बोर्डाने बघायचे.

साच्याच्या खुणा थोड्या आहेत. ^ म्हणजे इथून सुरुवात झाली पाहिजे. $ म्हणजे इथे संपले पाहिजे. * म्हणजे आधीचे अक्षर कितीही वेळा, अगदी नसले तरी चालेल. + म्हणजे निदान एकदा. ? म्हणजे असले तर एकदा, नसले तर नाही. टिंब म्हणजे कुठलेही एक अक्षर. आणि चौकटी कंस म्हणजे यांपैकी कुठलेही एक, जसे [६-९] म्हणजे सहा ते नऊमधला कुठलाही अंक. आपल्याकडचे मोबाइल नंबर याच अंकांनी सुरू होतात, म्हणून हे उदाहरण घेतले. एवढ्यावर तुम्ही नव्वद टक्के रेजेक्स शिकलात.

या खुणा कुणा इंजिनिअरने दुपारी बसून काढलेल्या नाहीत. १९४३ साली मॅक्युलॉक आणि पिट्स या दोघांनी मेंदूतल्या पेशींचे गणित मांडायचा प्रयत्न केला. त्यावर विचार करताना स्टीफन क्लेनी या गणितज्ञाने ही कल्पना मांडली. त्यांचा लेख १९५६ साली छापला गेला, म्हणजे आपले किनवट गेले त्याच वर्षी. ती * खूण त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९६८ साली केन थॉम्पसन यांनी संगणकाला अशा साच्यांनी मजकूर शोधायला कसे लावायचे ते लिहिले, आणि तिथून ती सोय घरोघर गेली. मुलांनी वापरलेला "ग्रेप" हा युनिक्सचा आदेश त्याच घराण्यातला.

अडचण अशी की मोठ्या संगणकावर ही सोय चालवणारी लायब्ररी, म्हणजे तयार लिहिलेला प्रोग्रॅमचा भाग, आमच्या दोन किलोबाइटच्या बोर्डासाठी नसते. आमच्या चिपबरोबर येणाऱ्या सी भाषेच्या सामानात रेजेक्स नाहीच. मोठी लायब्ररी उचलून घालावी तर म्हणजे पाहुणा एकटा आणि त्याचे सामान दोन ट्रक. शोधता शोधता मेहुण्याला "टायनी-रेजेक्स-सी" सापडली. एक सी फाइल, एक हेडर फाइल. ओळी पाचशेच्या आत. कुणीही वापरावी, कुणाला पैसे द्यायला नकोत. ती चालताना जास्तीची जागा मागत नाही. सुरुवातीला जी थोडी जागा धरते तेवढ्यावरच भागवते, आणि आमच्या चिपवर ती दीडशे बाइटच्या आत आहे. हे फार महत्त्वाचे. घरच्या संगणकाची जागा भरली तर तो कुरकुरतो. विहिरीवरच्या बोर्डाची जागा भरली तर तो काहीही करतो, आणि "काहीही"चा अर्थ काकांच्या मनगटावर लिहिलेला आहे.

या लायब्ररीचे मूळही वाचण्यासारखे आहे. रॉब पाइक यांनी सुमारे तीस ओळींत साचे ओळखणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. कर्निहान आणि पाइक यांच्या १९९९ सालच्या "द प्रॅक्टिस ऑफ प्रोग्रॅमिंग" या पुस्तकात तो आहे. पुढे २००७ साली कर्निहान यांनी त्या तीस ओळींवर एक अख्खा लेख लिहिला. आम्ही त्या तीस ओळी कागदावर उतरवून रात्री वाचल्या. डिप्लोमाला असताना जे कळले नव्हते ते त्या रात्री कळले. टायनी-रेजेक्स त्याच वळणाची आहे, आणि ती आम्ही पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचू शकलो. आमच्या मते छोट्या लायब्ररीचा सर्वांत मोठा फायदा हा. जागा वाचते हे आहेच, पण सरकारी नोकर आणि मोबाइल दुरुस्तीवाला दोन रविवारी बसून ती पूर्ण वाचू शकतात. मोठी लायब्ररी आम्ही विश्वासावर वापरली असती, आणि विश्वासाचे टाके एकदा पडले होते.

वाचली तरी चुका झाल्याच. या वेळी मात्र शहाणपण आले होते. मोटारीच्या जागी दुकानात एक चाळीस वॅटचा बल्ब लावला.

पहिली चूक. साचा जुळला की नाही ते लायब्ररी सांगते कसे? जुळला तर कितव्या अक्षरापासून जुळला तो आकडा देते, आणि मोजणी शून्यापासून. नाही जुळला तर उणे एक देते. सी भाषेत शून्य म्हणजे "नाही" आणि बाकी कुठलाही आकडा म्हणजे "हो". आम्ही घाईत लिहिले, "जुळले तर बल्ब लाव." "चालू" पहिल्या अक्षरापासूनच जुळतो, उत्तर शून्य, म्हणजे आमच्या प्रोग्रॅमला "नाही". आणि न जुळणारा प्रत्येक संदेश उणे एक, म्हणजे "हो". बल्ब "चालू" म्हटले की गप्प, आणि मेहुण्याने गंमत म्हणून "जेवलास का" पाठवले तर लख्ख.

दुसरी चूक जास्त वाईट, कारण ती वाचूनही दिसली नव्हती. लायब्ररीला साचा दिला की ती आधी तो आपल्या जागेत मांडून ठेवते, मग संदेश त्याच्याशी ताडून पाहते. आम्ही सुरुवातीलाच "चालू"चा साचा मांडून घेतला, मग "बंद"चा, आणि दोघांचे पत्ते जपून ठेवले. पण मांडायची जागा एकच! दुसरा साचा मांडला की पहिला पुसला जातो. दोन्ही पत्ते एकाच घराचे, आणि त्या घरात आता "बंद" राहत होता. परिणाम असा की "बंद" पाठवले की बल्ब लागायचा. विहिरीवर हे झाले असते तर मोटार थांबवायचा प्रत्येक प्रयत्न तिला चालू करणारा ठरला असता. उपाय सोपा निघाला. प्रत्येक वेळी साचा नव्याने मांडायचा आणि लगेच ताडून घ्यायचा. वेळ इतका कमी लागतो की संदेश येण्याच्या मानाने तो मोजण्यातच येत नाही.

तिसरी बारीकशी. संदेशाच्या शेवटी मॉड्यूल न दिसणारी दोन अक्षरे जोडतो, ओळ संपल्याची. आम्ही $ लावून बसलो होतो की "चालू"नंतर काही नको, आणि काही तर होतेच. शेवटी "मोकळी जागा कितीही" अशी खूण घातली आणि जुळले.

एवढे झाल्यावर काकांना सांगितले की आता फक्त "ऑन" आणि "ऑफ" पाठवा, पुढेमागे काही लिहू नका. काका म्हणाले, "बावा, मी जसं बोलतो तसं त्याले समजलं पाहिजे. मोटार माझी हाय, मी काऊन इंग्रजीत बोलू?"

त्यांचे खरे होते. आमच्याच एका ओळखीच्या माणसाला एका कार्यालयाच्या संगणकावरच्या फॉर्मने तीन खेपा घालायला लावल्या होत्या. फॉर्ममध्ये असाच एक साचा बसवलेला. त्यात नाव आणि आडनाव यांच्यात टिंब चालत नव्हते आणि त्यांच्या जुन्या कागदावर टिंब होते. साचा करणाऱ्याने टिंबवाली माणसे पाहिलीच नव्हती. आम्ही स्वतः सरकारी नोकर असून तेव्हा त्या साच्यावर चिडलो होतो. आता आपणच काकांना "पुढेमागे काही लिहू नका" म्हणत होतो.

मग आम्ही आठवडाभर घरच्यांना सांगितले की मोटार चालू करायची असे समजून संदेश पाठवा, जसा मनात येईल तसा. आलेले संदेश मेहुण्याने वहीत उतरवले. इंग्रजी अक्षरांत "चालू" हा शब्द आमच्या एका कुटुंबाने पाच प्रकारे लिहिला होता. शेवटी कुणी एक "यू", कुणी दोन "ओ", कुणी "एल" दोनदा, घाईत असलेल्या भावाने दोन "ए". कुणी "मोटार चालू", कुणी "चालू कर", कुणी नुसते "चालू". सालगडी तेलुगूत "मोटार वेय" आणि थांबवायला "आपु". साचा असा झाला: सी, एच, मग "ए" निदान एकदा, मग "एल" निदान एकदा, मग "यू" किंवा "ओ" यांपैकी काहीही निदान एकदा. एका साच्यात पाचही प्रकार बसले.

आणि काकू. काकूने मराठीत, देवनागरीत लिहिले होते. इथे आम्ही खरे अडकलो, आणि खरी मजाही इथेच आली. इंग्रजी अक्षरांचा एक संदेश १६० अक्षरांचा असतो. देवनागरीत लिहिले की तो ७० अक्षरांवर येतो, कारण प्रत्येक अक्षराला जास्त जागा लागते. आणि आमचा मॉड्यूल देवनागरी अक्षर न दाखवता त्याचा चार चिन्हांचा क्रमांक दाखवतो. जगातल्या सगळ्या लिप्यांना असे क्रमांक वाटून दिले आहेत, त्याला युनिकोड म्हणतात. "च"चा क्रमांक ०९१ए, कान्याचा ०९३ई, "ल"चा ०९३२, आणि दीर्घ उकाराचा ०९४२. म्हणजे काकूचा "चालू" आमच्या बोर्डाला सोळा चिन्हांची रांग म्हणून दिसतो.

मेहुण्याने ती सोळा चिन्हे साच्यात घातली. जुळले. दुसऱ्या दिवशी जुळले नाही. वहीत पाहिले तर काकूने त्या दिवशी "चालु" लिहिले होते, ऱ्हस्व. ऱ्हस्व उकाराचा क्रमांक ०९४१. आपल्या शाळेत ज्या उकारासाठी मास्तरांनी आमच्या हातावर पट्टी मारली, त्याने मोटार बंद ठेवली. पण पहा, दोन्ही उकार शेजारी-शेजारी राहतात, फरक फक्त शेवटच्या अंकाचा. साच्याच्या शेवटी ०९४[१२] लिहिले की ऱ्हस्वही चालतो, दीर्घही. मराठी शुद्धलेखनाची एवढी माफी आम्हाला आयुष्यात कुणी दिली नव्हती.

"बंद"मध्येही तेच. कुणी अनुस्वाराने लिहितो, कुणी "बन्द" असा अर्धा न जोडून. डोळ्यांना एकच, क्रमांकांची रांग अगदी वेगळी. त्याला दोन साचे करावे लागले. या छोट्या लायब्ररीत "हे किंवा ते" अशी शब्दांची निवड करता येत नाही, अक्षराअक्षरांत फक्त करता येते. शब्दांचे गटही बांधता येत नाहीत. आणखी एक मर्यादा: एका साच्यात मूळ मांडणीप्रमाणे तीसच चिन्हे बसतात. "मोटार" आणि "चालू" देवनागरीत एकत्र लिहायचे तर मोकळ्या जागेसकट चाळीस चिन्हे होतात. तीस हा आकडा फाइलमध्ये वाढवता येतो, आम्ही तो थोडा वाढवला, जागा किती गेली ते मोजून. सगळे मिळून साचे अकरा झाले. मोठ्या लायब्ररीत कदाचित दोन साच्यांत भागले असते. अकरा तर अकरा. प्रत्येक साचा काकूला वाचून दाखवता येतो.

साचा किती सैल ठेवायचा याचा विचार मात्र आम्ही फार केला. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या मोठ्या कंपनीच्या एका साच्यात "काहीही, कितीही" ही खूण एकामागे एक पडली होती. त्यांचे संगणक त्या साच्यात इतके गुंतून पडले की जगभरच्या असंख्य वेबसाइट सुमारे २७ मिनिटे बंद पडल्या. त्यांच्याकडे शेकडो हुशार माणसे. आमच्याकडे मेहुणा. म्हणून आम्ही ठरवले की एका साच्यात ती खूण एकदाच, आणि चालू करायच्या साच्यात एकदाही नाही.

आणि चालू-बंदसाठी नियम सारखे ठेवले नाहीत. यावर मेहुण्याशी बरेच वाजले. त्याचे म्हणणे, जे नियम चालूला तेच बंदला, नाहीतर लोकांचा गोंधळ होईल. आमचे म्हणणे, मोटार चुकून बंद झाली तर पाणी थांबते, चुकून चालू झाली तर हात जातो. शेवटी काकांनी मनगट पुढे केले आणि वाद मिटला. चालू करायचा साचा ^ ते $, अगदी घट्ट. पुढेमागे एकही जादा शब्द आला तर मोटार हलणार नाही. "चालू करू नको" लिहिले तरी नाही. बंद करायचा साचा मात्र सैल: संदेशात कुठेही बंद, ऑफ, स्टॉप, आपु यांतले काही दिसले की बंद. त्यामुळे "बंद नको करू" पाठवले तरी मोटार बंद होते. काकांची ही तक्रार अजून आहे. ती आम्ही जाणूनबुजून तशीच ठेवली आहे.

संदेश कुणाचा, हेही तपासतो. हे आधीच करायला हवे होते, आमचा आळस. जाहिरातवाल्यांचे संदेश दहा आकडी नंबरावरून येत नाहीत, अक्षरांच्या नावावरून येतात, त्यामुळे [६-९] आणि पुढे नऊ अंक असा साचा लावला की ते दारातच अडतात. घरच्यांचे नंबर कधी +९१ लावून येतात, कधी शून्य लावून. त्याला साचा वगैरे लावला नाही. सरळ शेवटचे दहा अंक यादीशी ताडतो. प्रत्येक ठिकाणी रेजेक्स लावायची हौस मेहुण्याला आहे, आम्हाला नाही.

बोर्ड पेटीत परत बसवला तेव्हा पेटीच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवला: हात घालण्याआधी मेन स्विच पाडा. मराठीत आणि तेलुगूत. हा कागद कुठल्याही साच्यापेक्षा जास्त कामाचा आहे, आणि तो आम्हाला पहिल्याच दिवशी सुचला नाही याची लाज आजही वाटते. गेल्या रब्बीत हरभऱ्याच्या दोन पाळ्या काकांनी घरात बसून दिल्या. काळ्या रानात हरभऱ्याला पाणी जादा झाले की तो पिवळा पडतो, म्हणून वेळेवर बंद होणे चालू होण्याइतकेच कामाचे. एकदा रात्री अकराला काकूने "मोटर बंद कर रे बाबा" असे देवनागरीत पाठवले आणि मोटार थांबली. तो संदेश आम्ही जपून ठेवला आहे.

बाहेर प्रसादाच्या टेबलाशेजारी तोच जुना बोर्ड आणि चाळीस वॅटचा बल्ब मांडला आहे. नंबर पुठ्ठ्यावर लिहिला आहे. आजच्यापुरती घरच्या नंबरांची यादी काढून टाकली आहे, त्यामुळे कुणीही संदेश पाठवू शकतो. मराठी, तेलुगू, हिंदी, इंग्रजी, जसे मनात येईल तसे लिहा. हिंदीचे साचे आम्ही अजून केलेले नाहीत, त्यामुळे "शुरू करो"ला तो ऐकणार नाही. तुमच्या घरात "चालू" आणखी कसा लिहितात ते आम्हाला हवे आहे, म्हणून मेहुणा तिथे वही घेऊन बसला आहे. ज्याच्या संदेशाने बल्ब लागणार नाही, त्याने तो वहीत जरूर लिहून द्यावा. आरतीला अजून वीस मिनिटे आहेत.